बिझनेस ॲनालिसिस शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला शनिवारी दुपारी आम्ही काही जण बिझनेस ॲनालिसिस शिकवतो. मी स्वतः चौदा वर्षं हेच काम करते, आधी विम्यात आणि नंतर बँकांच्या प्रोजेक्टवर. वर्ग संपला की व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात आणि त्यातले बरेचसे दर बॅचला तेच असतात. ते इथे विचारणाऱ्यांच्या भाषेत ठेवलेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर 2, 6 आणि 7 आधी वाचा.

1. ताई, बिझनेस ॲनालिसिस म्हणजे नेमकं काय? सोप्या भाषेत सांगा.

एखाद्या संस्थेला काय बदलायचंय, ते का बदलायचंय आणि कोणता बदल केला तर खरा फायदा होईल हे शोधायचं, आणि सगळ्यांना त्याचा एकच अर्थ लागेल असं मांडायचं. हे करणारा तो बिझनेस ॲनालिस्ट, म्हणजे आपल्या बोलण्यातला बीए. उपाय दर वेळी सॉफ्टवेअरच असतो असं नाही. कधी फॉर्ममधला एक रकाना काढला तरी भागतं.

मागणी आणि गरज यांतला फरक ओळखता आला की निम्मं काम आलं. बँकेतले साहेब म्हणतात, "मला रोज सकाळी 9 वाजता सगळ्या शाखांचा रिपोर्ट ईमेलवर हवा." ही झाली मागणी. का हवा असं विचारलं की कळतं, कुठल्या शाखेत रोकड कमी पडणार आहे ते त्यांना वेळेत समजत नाही. ही गरज. बारा पानी रिपोर्ट वाचून होईपर्यंत रोकड नेणारी गाडी निघून गेलेली असते. त्यापेक्षा शाखेची शिल्लक ठरावीक रकमेखाली उतरताक्षणी जाणारा एक एसएमएस जास्त कामाचा.

2. डेव्हलपर थेट क्लायंटशी बोलू शकतो ना? मग मध्ये बीए कशाला?

बोलू शकतो, आणि लहान कामात बोलावंच. एका दुकानाचं बिलिंग ॲप करायला पाच जणांच्या टीमला वेगळा बीए नको. पण बीएचं काम मात्र तिथेही कोणाला तरी करावं लागतं.

मोठ्या कामात हे काम राहून गेलं तर काय होऊ शकतं ते समजायला मुंबईकरांना लांब जायला नको. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. उत्तरपत्रिका सुमारे 17 लाख. निकाल रखडत गेले, राज्यपालांनी घालून दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली आणि पुढच्या प्रवेशांसाठी निकालावर अडून बसलेल्या मुलांचे फार हाल झाले. त्या वर्षी माझ्या ओळखीतल्या दोन घरांत रोज सकाळी आधी वेबसाइट उघडली जायची, मग चहा व्हायचा.

पडद्यावर पेपर तपासायची कल्पना चांगलीच आहे. पण असं काही सुरू करण्याआधी वही-पेन घेऊन गणित मांडायला हवं. समजा एक शिक्षक दिवसाला 40 पेपर तपासतो. मग 17 लाख पेपरना साडेबेचाळीस हजार दिवसांचं काम लागेल. 45 दिवसांत संपवायचं तर साधारण 945 शिक्षक एकही सुट्टी न घेता रोज बसले पाहिजेत. तेवढे शिक्षक मोकळे आहेत का? त्यांच्या कॉलेजात तेवढे चालू संगणक आहेत का? पुरवणी स्कॅन करताना सुटली तर ती कोणाला, कशी सापडणार? मराठीतून लिहिलेला पेपर मराठी वाचणाऱ्या शिक्षकाकडेच जाईल हे कोण बघणार? यातला एकही प्रश्न कोडिंगचा नाही. ते विचारायला आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा न सोडायला प्रोजेक्टवर एक माणूस लागतो.

3. प्रोजेक्ट मॅनेजर आणि बीए यांत फरक काय?

काम वेळेत आणि ठरलेल्या पैशांत होतंय ना, हे प्रोजेक्ट मॅनेजर बघतो. जे होतंय ते योग्य आहे ना, हे बीए बघतो. लहान कंपन्यांत एकच माणूस दोन्ही करतो आणि त्याची ओढाताण होते, कारण एकाला काम मर्यादेत ठेवायचं असतं आणि दुसऱ्याला सुटलेलं शोधून काढायचं असतं.

4. डेटा ॲनालिस्ट आणि बिझनेस ॲनालिस्ट एकच का? जाहिरातीत दोन्ही दिसतात.

एक नाहीत. डेटा ॲनालिस्ट साठलेल्या आकड्यांतून उत्तर काढतो. बीए माणसं, कामाची पद्धत, नियम आणि सिस्टिम यांच्यामधून वाट काढतो, आकडे हे त्याचं एक साधन. जाहिरातीत पदाच्या नावावर जाऊ नका, खालचं कामाचं वर्णन वाचा. 'प्रोसेस ॲनालिस्ट' किंवा 'फंक्शनल कन्सल्टंट' या नावाखाली पुष्कळदा बीएचंच काम असतं.

5. रिक्वायरमेंट किती प्रकारच्या असतात? सगळे फक्त फंक्शनल आणि नॉन-फंक्शनल म्हणतात.

रिक्वायरमेंट म्हणजे नीट लिहून मांडलेली गरज. ते दोन प्रकार उपायाच्या पातळीवरचे: त्याने काय करायचं ते फंक्शनल, किती चांगलं करायचं ते नॉन-फंक्शनल. त्यांच्या वर बिझनेस रिक्वायरमेंट असते, म्हणजे संस्थेला हे का हवंय. मग येते स्टेकहोल्डर रिक्वायरमेंट, म्हणजे संबंधित माणसांपैकी कोणाला काय लागतं. आणि एक प्रकार हमखास विसरला जातो तो ट्रान्झिशन रिक्वायरमेंटचा, म्हणजे जुन्यातून नव्यात जाताना तेवढ्यापुरतं काय लागेल. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला. 30 जूनच्या रात्री मशीद बंदरच्या व्यापाऱ्याच्या गोदामात माल होता आणि त्यावर जुना कर आधीच भरलेला होता. त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, नव्या पद्धतीत आणायला ट्रान-1 हा वेगळा फॉर्म आला. तो कायमचा नव्हता, पण नसता तर त्या व्यापाऱ्याचे पैसे अडकले असते.

या सगळ्यांपासून बिझनेस रूल, म्हणजे संस्थेने घालून दिलेला नियम, वेगळा ठेवा. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढायला आलेल्या यूटीएस ॲपचं उदाहरण घ्या. मोबाइलवर तिकीट काढता यावं, ही फंक्शनल रिक्वायरमेंट. तिकीट पटकन निघावं, ही नॉन-फंक्शनल. पण पेपरलेस तिकीट रुळांपासून ठरावीक अंतरावर असतानाच निघेल, प्लॅटफॉर्मवर उभं राहून नाही, हा बिझनेस रूल. टीसी दिसल्यावर खिशातून मोबाइल काढून तिकीट काढता येऊ नये, हे त्यामागचं कारण. या नियमाने प्रामाणिक प्रवासीही अडायला लागला. घाईत आत आला, आता काय? म्हणून पुढे स्टेशनात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून तिकीट काढायची सोय आली. नियम लिहिला की त्यात अडकणारा भला माणूस कोण आणि त्याला वाट कोणती, हे लगेच खाली लिहायची सवय लावून घ्या.

6. युजरला विचारायचं काय आणि कसं? ते म्हणतात, "तुम्हीच सांगा काय करता येईल."

त्यांच्या केबिनमध्ये बसून विचारलंत तर असंच उत्तर येणार. त्यांच्या टेबलापाशी जा.

लालबागच्या एका पतपेढीचं काम होतं. व्यवस्थापकांनी दोन बैठकांत सगळी पद्धत नीट समजावून सांगितली आणि मी ती व्यवस्थित उतरवून घेतली. तरीही एक सकाळ काउंटरच्या आत, कॅश बघणाऱ्या बाईंच्या शेजारी स्टूल टाकून बसले. खातेदाराचं नाव स्क्रीनवर आलं की त्या क्षणभर थांबायच्या, ड्रॉवर उघडायच्या आणि तपकिरी पुठ्ठ्याची दोनशे पानी वही काढून काहीतरी बघायच्या. थोड्या थोड्या वेळाने हेच. मी विचारलं, "काकू, काय बघता हो?" त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. लाल शाईने लिहिलं होतं: "अंगठा. मुलगा सोबत असेल तरच." "दोघे भाऊ, नावाचं पहिलं अक्षर एकच. धाकट्याच्या भुवईवर व्रण." "पेन्शन 3 तारखेला. आधीच विचारायला येतात, रागवू नये."

ही वही कोणी माझ्यापासून लपवली नव्हती. ती इतकी अंगवळणी पडली होती की सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. तिच्यातून चार रिक्वायरमेंट निघाल्या. पैसे काढताना खातेदाराचा फोटो स्क्रीनवर मोठा दिसणं ही त्यांतली सगळ्यात महत्त्वाची. आणि "रागवू नये" हे वाक्य आम्ही तसंच्या तसं ठेवायची सोय केली, खात्याला जोडलेल्या शेरा नावाच्या रकान्यात.

तेव्हा "काय हवंय?" हा प्रश्न मागे ठेवा. "हे आत्ता कसं करता?" असं विचारा. "असं शेवटचं कधी अडलं होतं, त्या दिवशी काय केलंत?" असं विचारा. नेट गेलं, साहेब रजेवर गेले, खातेदार वारला, तर काय होतं ते विचारा. महिनाअखेरीला आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मात्र कोणाच्या टेबलापाशी जाऊ नका. आणि समोरचा मराठीत मोकळा होत असेल तर मराठीतच बोला. त्या दिवशी मी इंग्रजाळलेल्या भाषेत विचारलं असतं तर ती वही ड्रॉवरमध्येच राहिली असती, याची मला खात्री आहे.

7. बीआरडी, एफआरडी, युजर स्टोरी यांतलं आधी काय शिकू? फॉरमॅट पाठवाल का?

बीआरडी आणि एफआरडी म्हणजे बिझनेस आणि फंक्शनल रिक्वायरमेंट लिहायची डॉक्युमेंट. त्यांचा फॉरमॅट प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि तो दोन दिवसांत येतो. वेळ लागतो तो दोन अर्थ निघणार नाहीत असं एक वाक्य लिहायला. हे मी माझ्या चुकीतून शिकले.

सुरुवातीच्या वर्षांत एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर मी प्रीमियम मोजायची रिक्वायरमेंट लिहिली: "ग्राहकाच्या वयानुसार दर लावावा." डेव्हलपरने पूर्ण झालेली वर्षं मोजली, त्याचं काही चुकलं नाही. पण विम्यात वय दोन प्रकारे धरतात. काही योजनांत मागच्या वाढदिवसाचं, काहींत जवळच्या वाढदिवसाचं. जन्म 10 जानेवारी 1980 चा आणि पॉलिसी 1 सप्टेंबर 2012 ची असेल, तर पहिल्या पद्धतीने वय 32, दुसऱ्या पद्धतीने 33. आमची योजना दुसऱ्या प्रकारची होती. हे सापडलं युजरच्या चाचणीत, अगदी शेवटी, आणि तीन आठवडे गेले. माझ्या डॉक्युमेंटमध्ये 'वय' हा शब्द पानोपानी होता, व्याख्या एकदाही नव्हती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर शब्दार्थांची यादी असते. वय, कामाचा दिवस, थकबाकी, शाखा, ग्राहक. साध्या वाटणाऱ्या शब्दांचे अर्थ आधी.

युजर स्टोरी, म्हणजे युजरच्या तोंडून एका वाक्यात मांडलेली गरज, अशी दिसते: "खातेदार म्हणून मला मुदत ठेव मोडण्याआधी किती व्याज कमी मिळेल ते दिसायला हवं, म्हणजे ठेव मोडायची की तिच्यावर कर्ज काढायचं हे मी ठरवू शकेन." शेवटचा 'म्हणजे' गाळू नका, गरज तिथे असते. तिच्याखाली स्वीकृतीची अट, म्हणजे काम झालं असं कधी म्हणायचं ते: ठेव एका वर्षाची आहे आणि सात महिने झालेत. खातेदार 'ठेव मोडा' निवडतो. तेव्हा हातात येणारी रक्कम आणि कमी झालेलं व्याज दोन्ही रुपयांत एकाच स्क्रीनवर दिसतं, आणि त्याने पुन्हा होकार दिल्याशिवाय ठेव मोडत नाही.

8. डायग्राम किती प्रकारचे शिकावे लागतात?

सुरुवातीला तीन पुरतात: कामाच्या ओघाचा, कोण-कोण संबंधित आहे त्याचा, आणि स्क्रीनचा कच्चा आराखडा. ओघासाठी बीपीएमएन ही खुणांची पद्धत सगळीकडे चालते. तिची 2.0 आवृत्ती 2011 ची. काउंटरवरच्या माणसाला दाखवताना मात्र साधे चौकोन आणि बाण काढा. त्याला चित्र कळून "इथे चुकलंय" म्हणता आलं पाहिजे.

9. क्लायंटला सगळंच अर्जंट हवं असतं. प्राधान्य कसं ठरवायचं?

मॉस्को नावाची पद्धत आहे, 1994 मध्ये डाय क्लेग यांनी मांडलेली. तिच्यात चार गट: हवंच, असावं, असलं तर बरं, आणि या खेपेला नाही. अडचण अशी की सगळे सगळं पहिल्या गटात टाकतात. म्हणून मी विचारते, "हे नसेल तर त्या दिवशी दुकान उघडता येईल का?" उघडता येत असेल तर ते पहिल्या गटातलं नाही.

नियामकाचा नियम हा अपवाद, तिथे घासाघीस नाही. शेअर बाजारात व्यवहारानंतर लगेच पुढच्या कामाच्या दिवशी सेटलमेंट (पैसे आणि शेअरची देवाणघेवाण) करायचं, म्हणजे टी प्लस वन, हे फेब्रुवारी 2022 पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि 27 जानेवारी 2023 ला सगळ्या शेअरना लागू झालं. ज्या ब्रोकरांच्या बॅक ऑफिसची कामं दोन दिवसांच्या हिशेबाने बसवलेली होती, त्यांना ती एका दिवसात बसवावी लागली. अशा वेळी तारीख पक्की धरून मागे मोजत यायचं आणि बाकीच्या मागण्या बाजूला सारायच्या.

10. ॲजाइलमध्ये बीए लागतच नाही म्हणे. खरं का?

ॲजाइल म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करत जायची पद्धत, स्क्रम हा तिचा एक प्रकार. स्क्रममध्ये बीए नावाचं पद नाही, हे खरं. काम मात्र आहे, कधी आधी काय बनवायचं ते ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरच्या गळ्यात, कधी त्याच्या शेजारी बसलेल्या बीएच्या. फरक इतकाच की दीडशे पानं एकदम लिहायची नाहीत, पुढच्या दोन-तीन आठवड्यांपुरतं खोलात जायचं. शब्दार्थांची यादी तिथेही लागते, प्रश्न 7 पाहा.

11. मी कॉमर्सची, कोडिंग येत नाही, इंग्रजीही जेमतेम. जमेल का?

जमेल. फोर्टच्या एखाद्या ब्रोकरकडे बॅक ऑफिसला किंवा अंधेरीच्या विमा शाखेत क्लेम्सला तीन वर्षं काढली असतील, तर बाहेरून आलेल्या इंजिनिअरला जे शिकायला वर्ष लागतं ते तुमच्या हातात आहे. मुंबईत बँका, विमा, शेअर बाजार, बंदरावरची मालवाहतूक अशी कामं आहेत आणि बीकेसीपासून ऐरोलीपर्यंतच्या आयटी कंपन्यांना ती कामं आतून माहीत असलेली माणसं हवी असतात. कोडिंग नको, पण एक्सेल पक्कं हवं आणि डेटाबेसमधून स्वतः माहिती काढण्यापुरतं एसक्यूएल शिका. इंग्रजी लागतं ते लिहिण्यापुरतं. छोटी, सरळ वाक्यं. अलंकारिक इंग्रजीमुळेच दोन अर्थ निघतात.

12. सर्टिफिकेट कोणतं करू? क्लासवाले 100 टक्के नोकरीची हमी देतात.

हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. या विषयाची जागतिक संस्था आयआयबीए, 2003 मध्ये टोरांटोत सुरू झालेली. तिची बाबॉक ही मार्गदर्शिका प्रमाण मानतात. तिची तिसरी आवृत्ती 2015 ची, त्यात कामाची सहा क्षेत्रं आणि 50 तंत्रं आहेत. आयआयबीएच्या सर्टिफिकेटांत ईसीबीए या पहिल्या पायरीला अनुभवाची अट नाही. त्यापुढच्या सीसीबीएला मागच्या 7 वर्षांत 3,750 तासांचं बीए काम दाखवावं लागतं आणि सीबॅपला मागच्या 10 वर्षांत 7,500 तासांचं. आधी प्रश्न 13 मधला सराव करा. त्यात गोडी वाटली तर ईसीबीएकडे वळा.

13. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. सराव कुठे करू?

तुमच्या सोसायटीत. पाणी कमी आलं की टँकर मागवायचा निर्णय कोण घेतं, पैसे कोण देतं, वरच्या मजल्यांना कोण कळवतं? वॉचमन, सेक्रेटरी, एक गृहिणी, एक भाडेकरू आणि टँकरवाला अशा पाच जणांशी बोला. आत्ताची पद्धत एका पानावर काढा. टँकर रात्री 2 वाजता आला तर, दोन टँकर आले तर, असे अपवाद लिहा. मग पाच युजर स्टोरी. ही आठ-दहा पानं मुलाखतीला घेऊन जा. मी मुलाखत घेते तेव्हा अशी पानं आणणाऱ्याशी अर्धा तास जास्त बोलते.

14. दोन विभागांच्या मागण्या एकमेकांच्या विरुद्ध असतील तर कोणाचं ऐकू?

कोणाचंच नाही, निर्णय तुमचा नाहीच. विक्रीवाल्यांना खातं पाच मिनिटांत उघडून हवं, नियमपालनवाल्यांना कागदपत्रं दोनदा तपासून हवीत. दोघांना एका टेबलावर आणा, प्रत्येक पर्यायाने किती वेळ जाईल आणि कोणती जोखीम उरेल ते लिहून समोर ठेवा, आणि ज्यांच्या अधिकारात आहे त्यांच्याकडून निर्णय घ्या. निर्णय, तारीख आणि कारण त्याच दिवशी नोंदवा. सहा महिन्यांनी माणसं बदलतात.

15. सही झाल्यावर क्लायंट बदल मागतो. नाही म्हणू का?

सरळ नाही म्हणू नका, लगेच होही नको. सहीचा अर्थ "त्या दिवशी आम्हाला असं वाटलं" एवढाच. बदलाने कोणत्या स्क्रीन, चाचण्या आणि रिपोर्ट हलतील ते शोधा. प्रत्येक रिक्वायरमेंट कुठल्या गरजेतून आली आणि कुठे उतरली हा तक्ता ठेवलेला असेल तर हे तासाभरात होतं. मग खर्च आणि दिवस सांगा. निम्मे बदल तिथेच मागे घेतले जातात.

16. एआयमुळे हे काम जाईल का?

बैठकीचं टिपण, स्टोरीचा पहिला मसुदा, सुटलेल्या अटींची यादी यासाठी मी एआय वापरते. क्लायंटच्या ग्राहकांची माहिती मात्र त्यात कधीही टाकू नका. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून ठेवा. पण प्रश्न 6 मधली वही कोणत्याही फाइलमध्ये नव्हती. तिच्यासाठी स्टूल टाकून बसावं लागलं.

17. प्रोजेक्टची गरजच नाही असं दिसलं तर तसं सांगायचं का? आपलीच नोकरी जाईल ना?

सांगायचं. एका ट्रस्टच्या दवाखान्याला अपॉइंटमेंटचं ॲप हवं होतं, कारण सकाळी 8 वाजता दारापर्यंत गर्दी व्हायची. तीन सकाळी आम्ही रांगेतल्या प्रत्येकाला कशासाठी आलात ते विचारून कागदावर रेघा मारल्या. निम्म्याहून जास्त लोक डॉक्टरांकडे आलेच नव्हते. उपाशीपोटी रक्त द्यायला आले होते. नमुने 9 पर्यंतच घ्यायचे आणि त्याचे पैसे केसपेपरच्याच खिडकीवर भरायचे, म्हणून सगळे एका रांगेत. आम्ही रक्ततपासणीच्या पैशांसाठी दुसरी खिडकी सुचवली. सोमवारी ती सुरू झाली आणि गुरुवारपर्यंत रांग दाराच्या आत आली.

ॲपचं काम आमच्या कंपनीला मिळालं नाही आणि माझे वरिष्ठ आठवडाभर नाराज होते. पुढच्या वर्षी त्याच ट्रस्टने औषधांच्या साठ्याच्या सॉफ्टवेअरसाठी आम्हालाच बोलावलं. मी गेले तेव्हा दारात निळ्या रंगाने रंगवलेली पाटी होती: "रक्त तपासणीवाल्यांनी या रांगेत थांबू नये. खिडकी क्र. 2."